सहमच्या खोलीतली डाय कोणी फिरवली?

प्रथम दिवस नोंदवतो, मग माणसे. नेमक्या तारखा छापायला संपादकांनी नकार दिला. हा दिवाळी अंक आहे, दाव्याची कागदपत्रे नव्हेत, असे त्यांनी मला सौम्य शब्दांत कळवले. तारखा माझ्या फायलीत आहेत. येथे वारांवर भागवतो.

रविवार: मी रजेवर भारतात गेलो. मंगळवार, दुपार: माझ्या गैरहजेरीत डाय फिरवली गेली. बुधवार, सकाळ: याकूबने मला एक फोटो पाठवला. शुक्रवार: उस्ताद नासिर यांच्या हातात पिस्तूल फुटले. त्यापुढचा सोमवार: वीस मिनिटांची चौकशी. त्याच आठवड्याचा गुरुवार: याकूब परतीच्या विमानात.

जबाबदार व्यक्ती अशा. एक, श्री. प्रमोद सबनीस, नेमबाजी क्लबचे त्या वेळचे व्यवस्थापक, मुक्काम अल् खुवैर, मस्कत. दोन, चौकशी समितीचे तिन्ही सदस्य. त्यांची नावे मला कळवण्यात आलेली नाहीत, आणि हीदेखील माझी एक तक्रार आहे. तीन, प्रस्तुत लेखक.

याकूब परकार हे नाव या यादीत नाही. अहवालात मात्र तेवढे एकच नाव आहे. हा लेख त्यासाठी.

माझी नोकरी खानदेशातल्या एका सरकारी दारूगोळा कारखान्यात, तपासनीस म्हणून झाली. निवृत्त झालो आणि मुलाकडे ओमानला आलो तो नातवंडे सांभाळायला. महिनाभरात सूनबाईंच्या लक्षात आले की मी घरातल्या प्रत्येक डब्याच्या झाकणाचे आटे तपासतो. माझ्या मुलाच्या ओळखीतून सालिम अर्बाब भेटले; अर्बाब म्हणजे इकडे मालक. सहमला त्यांचे घर, लिंबांची बाग, आणि गावाबाहेर त्यांचाच नेमबाजीचा क्लब. सभासदांच्या सरावासाठी पिस्तुलाची काडतुसे घरीच भरण्याची व्यवस्था त्यांनी बागेतल्या एका खोलीत केली होती. परवाना अर्बाबांच्या नावे होता, त्याची प्रत भिंतीवर काचेत होती, आणि दारू वेगळ्या खोलीत कुलपात होती. हे मी पहिल्या दिवशीच पाहून घेतले. नसते तर दुसऱ्या दिवशी गेलो नसतो. हाताखाली याकूब. रत्नागिरीच्या खाडीकाठचा, पंचेचाळिशीचा, आधी होड्यांची इंजिने दुरुस्त करणारा. कमी बोलायचा आणि हत्यार पुसल्याशिवाय जागेवर ठेवायचा नाही. इतका नीटनेटका माणूस मला कारखान्यातही क्वचित भेटला.

धंदा बाहेरच्या वाचकाला सांगणे भाग आहे, कारण समितीच्या तिन्ही सदस्यांना तो माहीत नव्हता आणि तरी त्यांनी निर्णय दिला.

झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी फेकून देत नाहीत. ती धुवायची, मूळ मापात आणायची, तळाशी नवी टोपी बसवायची, ठरलेली दारू भरायची आणि वर गोळी बसवायची. गोळी आत शिरावी म्हणून पुंगळीचे तोंड आधी किंचित फाकवलेले असते. गोळी बसली की ते तोंड पुन्हा सरळ करायचे. या शेवटच्या कामाला क्रिंप म्हणतात. ते करते ती डाय, म्हणजे आतून निमुळती आणि बाहेरून आटे असलेली पोलादी नळी. डाय प्रेसमध्ये जितकी खाली उतरवावी तितके पुंगळीचे तोंड जास्त आवळते. ती किती उतरवायची हे ठरवून वरच्या रिंगने तिला जखडून टाकणे, हे माझे काम.

येथे प्रत्येक नवखा माणूस एकच चूक करतो. जास्त आवळले की गोळी जास्त पक्की बसेल, असे त्याला वाटते. त्याच्या डोळ्यांसमोर करंजीची मुरड असते. वस्तुस्थिती वेगळी आहे. पिस्तुलाच्या काडतुसात गोळी मुरडीने धरलेली नसते. पुंगळीच्या भिंतीने तिला सर्व बाजूंनी कवटाळलेले असते. डाय प्रमाणाबाहेर उतरली तर पितळ आणि आतले शिसे दोन्ही दाबले जातात. दाब सुटल्यावर पितळ थोडे मागे येते. शिसे येत नाही. मध्ये केसाएवढी फट पडते आणि आवळल्यामुळेच गोळी सैल होते. असे काडतूस पिस्तुलात चढताना गोळीचे नाक आपटते, गोळी आत सरकते, दारूची जागा कमी होते आणि दाब इतका वाढतो की पिस्तूल फुटू शकते.

यावर चाचणी आहे, आणि तिला कोणतेही यंत्र लागत नाही. काडतुसाची लांबी कॅलिपरने मोजायची, गोळीचे नाक लाकडी बाकावर टेकवून अंगठ्याने जोर द्यायचा आणि लांबी पुन्हा मोजायची. लांबी घटली, तर सगळा लॉट बाद.

ही गोष्ट मी किती जणांना समजावली याची गणती नाही. मस्कतहून एक दंतवैद्य यायचे, स्वतःची काडतुसे मऊ फडक्यात गुंडाळून न्यायचे. दर खेपेला म्हणायचे, "भंगाळे, जरा घट्ट करा, आपल्याला घट्ट आवडतं." मी दर खेपेला त्यांना दाढेतल्या चांदीचे उदाहरण द्यायचो, ते दर खेपेला मान डोलवायचे, आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच. शेवटी मी त्यांची काडतुसे इतरांसारखीच भरून, "घट्ट केली आहेत," असे सांगू लागलो. ते अत्यंत समाधानी होते. असत्य विधान केल्याची ही कबुली येथे नोंदवावी.

उस्ताद नासिर यांचा प्रकार वेगळा. ते सहमच्या शाळेत भूमिती शिकवत. गुरुवारी शाळा सुटली की थेट खोलीवर यायचे, बागेतले लिंबू चहात पिळायचे आणि मी डाय लावताना मागे हात बांधून उभे राहायचे. त्यांना घट्ट-सैल काही नको असायचे. हे का आणि ते का, एवढेच विचारायचे. माझ्या कामात रस घेणारा असा ग्राहक मला उभ्या आयुष्यात दुसरा मिळाला नाही.

आता रेघेविषयी.

सुरुवातीच्या दिवसांत याकूबने प्रेस पुसताना रिंग नकळत ढिली झाली आणि डाय किंचित सरकली. काही बिघडले नाही, चाचणीत ते कळले. पण मला चैन पडेना. मी सूनबाईंची नखांना लावायची लाल बाटली मागून नेली आणि डाय, रिंग आणि प्रेस या तिन्हींवरून एकच सरळ उभी रेघ ओढली. नियम केला: रेघ तुटलेली दिसली तर काम थांबवायचे आणि मला विचारायचे. रेघ सरळ असेल तर डायला हात लावायचा नाही, आणि रोजची अंगठ्याची चाचणीही करायची नाही.

नियमाचा पहिला भाग योग्य होता. दुसरा भाग माझ्या गर्वाचा होता. त्याने रोजचा अर्धा तास वाचत असे. अर्बाब पाहुण्यांना खोलीत आणून ती रेघ दाखवत. उस्ताद नासिर म्हणाले होते की अशी रेघ त्यांना फळ्यावर काढता येत नाही. मी नम्रपणे हसलो होतो.

मंगळवारी काय झाले ते मला स्वतः सबनीसांनी सांगितले आहे, म्हणून ते तर्क नव्हे. सोमवारच्या सरावात दोन पिस्तुले अडकली. शुक्रवारी स्पर्धेपूर्वीचा सराव होता. सबनीस अल् खुवैरहून गाडी हाकत सहमला आले, दोन काडतुसे उजेडाकडे धरून पाहिली, आणि पुंगळीचे तोंड अजून फाकलेले राहते असा निष्कर्ष काढला. पिस्तुले अडकली होती ती साफ न केल्यामुळे. पण ते पाहायला पिस्तूल उघडावे लागते. याकूब दुपारच्या नमाजाला गेला होता. सबनीसांनी रिंग सोडवली, डाय खाली उतरवली, रिंग पुन्हा आवळली आणि ते जेवायला निघून गेले. कोणाला सांगितले नाही.

बुधवारी सकाळी याकूब कामाला बसला. पाच-सहा काडतुसे झाल्यावर त्याला पुंगळीच्या तोंडाशी एक चकचकीत कडे दिसले. त्याने डायकडे पाहिले. रेघ सरळ होती, तिन्ही ठिकाणी. ओमानमधून व्हॉट्सॲपचा कॉल लागत नाही, हे आखातातल्या वाचकांना सांगायला नको, म्हणून त्याने डायचा फोटो काढून मला पाठवला आणि खाली लिहिले: "साहेब, तोंडावर चमक जास्त वाटते. रेघ बरोबर आहे. चालू करू?"

मी यावल तालुक्यात, भाच्याच्या लग्नात, पंगतीला बसलो होतो. एका हातात मठ्ठ्याचा पेला होता. दुसऱ्या हाताने फोटो मोठा करून पाहिला. रेघ सरळ होती. मी त्याला अंगठ्याचे चित्र पाठवले आणि फोन खिशात ठेवला.

शुक्रवारी तिसऱ्या फेरीत उस्ताद नासिर यांचे पिस्तूल फुटले. मुठीच्या बाजूच्या पट्ट्या तळहातात शिरल्या. हात वाचला, दोन बोटे वाकत नाहीत. आता ते फळ्यावर डाव्या हाताने लिहितात, आणि वर्तुळ नीट येत नाही असे मला त्यांनी स्वतः, कोणतीही कुरकुर न करता, सांगितले.

सोमवारी चौकशी बसली. याकूबला इंग्रजी आणि अरबी कागद दिले गेले. त्याला दोन्ही वाचता येत नाहीत. त्याला काय विचारले, तर दारू कोण भरतो. तो म्हणाला, मीच भरतो. निष्कर्ष: दारू दुप्पट भरली गेली असावी. आम्ही वापरत होतो ती दारू पुंगळीच्या निम्म्याहून अधिक जागा व्यापते. दुप्पट घातली तर ती बाकावर सांडते आणि गोळी बसतच नाही. हे समजायला समितीतल्या एका तरी सदस्याने एक पुंगळी आणि एक चमचा हातात घ्यायला हवा होता. घेतला नाही. ज्याच्यावर ठपका येणार त्याला स्वतःची बाजू त्याला समजणाऱ्या भाषेत मांडू द्यावी, एवढे तर कोणत्याही देशातला कायदा सांगतो.

याकूबने मात्र त्या गोंधळातही एक काम चोख केले, कारण ते मी त्याला शिकवले होते. प्रत्येक लॉटमधली पाच काडतुसे नमुना म्हणून डबीत घालून, कागदाची पट्टी चिकटवून, तिच्यावर सही करायची, हा आमच्या कारखान्याचा रिवाज. बुधवारच्या लॉटची डबी त्याने समितीच्या हवाली केली आणि पोच मागितली. समितीचे लोक हसले म्हणे. पण पोच दिली. ती पोच माझ्याजवळ आहे. डबी आजतागायत उघडलेली नाही.

मी परतलो तो शनिवारी. याकूब गेलेला होता. खोलीला अर्बाबांचे कुलूप होते. त्यांनी ते माझ्यासाठी उघडले. मी प्रथम रेघ पाहिली. सरळ. मग माझी वही काढली. डाय लावली की रिंगच्या वर किती आटे दिसतात ते मी लिहून ठेवतो. वहीत अकरा लिहिलेले होते. मी मोजले. दहा होते.

दुसऱ्या दिवशी सबनीस क्लबच्या कार्यालयात भेटले. त्यांनी चहा मागवला, माझ्या भाच्याच्या लग्नाची चौकशी केली. मी विचारले, डायला कोणी हात लावला होता का? ते अगदी सहज म्हणाले, "हो, मीच जरा घट्ट केली. पण तुमच्या रेघेचा मान ठेवला हं, भंगाळे. पुरता एक फेरा दिला. रेघ जिथल्या तिथे."

सबनीस लबाड नाहीत, निदान त्या क्षणी नव्हते. पाहुणा जसा दुसऱ्याच्या घरातली खुर्ची उठताना होती तशी ठेवतो, तसे त्यांनी केले होते. आट्यांची वस्तू पुरता फेरा फिरली की तिच्यावरची रेघ पुन्हा जागेवर येते, हे त्यांना कळले होते. मला कधी सुचले नव्हते. डाय ढिली होऊन चुकून सरकेल, एवढीच माझी कल्पना गेली होती. कोणी सौजन्याने, मोजून, पूर्ण फेरा देईल, हे मी धरलेच नव्हते.

मी त्यांना आटे, पितळ, शिसे, सगळे सांगितले. त्यांचा चहा निवला. ते म्हणाले, "अहो, अहवाल गेलाय वर." त्यानंतर त्या फेऱ्याविषयी ते माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. लेखी विचारणेला उत्तर आले की असे कोणतेही विधान आपण केल्याचे स्मरत नाही.

मी सात पत्रे लिहिली. क्लबला, समितीला, पुन्हा क्लबला. चार अनुत्तरित. दोहोंना "प्रकरण बंद" असे छापील उत्तर. एकाला पोच आली, ती चुकीच्या पत्राची. अर्बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितले, "खलास, भंगाळे. नासिर जिवंत, याकूब घरी. खलास." ते भले गृहस्थ आहेत, आणि व्यवस्थापक त्यांनी पुढच्याच वर्षी बदलला, पण डबी उघडण्याचा अधिकार समितीचा, असे तेही म्हणतात. सबनीस अजून अल् खुवैरमध्ये माझ्या मुलाच्याच रस्त्यावर राहतात. सुपरमार्केटात भाजी निवडताना भेटतात. मागच्या महिन्यात दुधी हातात घेऊन विचारत होते, "काय भंगाळे, दिवाळीच्या कार्यक्रमाला येताय ना?" त्या कार्यक्रमात हा अंक वाटला जातो आणि सबनीस तो पहिल्या रांगेत बसून चाळतात. म्हणूनच हे मराठीत आणि येथे लिहितो आहे.

आता माझ्या नावाचे.

त्या सातही पत्रांत मी डाय, फेरा, आटे, डबी, समितीची भाषा, सर्व मुद्दे क्रमवार मांडले आहेत. बुधवारचा फोटो आणि माझा अंगठा यांचा उल्लेख एकाही पत्रात नाही. मी विसरलो नव्हतो. प्रत्येक मसुद्यात तो मुद्दा येई आणि मी तो अनावश्यक म्हणून गाळत असे. उभी हयात तपासनीस म्हणून काढलेल्या माणसाला हे कसे जमले, ते मला सांगता येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात याकूबचा फोन आला, साधा, भारतातून. ओमानमधल्याच सलालाहच्या बंदराजवळच्या एका वर्कशॉपने त्याला घ्यायचे ठरवले होते. आधीच्या नोकरीचा दाखला मागितला. दाखल्यावर "निष्काळजीपणामुळे सेवामुक्त" असे आहे. त्यांनी घेतले नाही. तो माझ्याकडे काही मागत नव्हता. दाखल्यावर इंग्रजीत नेमके काय लिहिले आहे ते मी वाचून दाखवावे, एवढेच त्याला हवे होते. इतके दिवस तो कागद घेऊन फिरत होता आणि त्यात काय आहे ते त्याला माहीत नव्हते.

त्याने दाखल्याचा फोटो पाठवला, मी वाचून दाखवले. मग विचारले की चौकशीत त्याने बुधवारचा फोटो का दाखवला नाही. फोटोत रिंगच्या वर दहा आटे स्वच्छ मोजता येतात; तो फोटो दाखवला असता तर चौकशीचे तोंड फिरले असते.

तो म्हणाला, "साहेब, फोटोच्या खाली तुमचा अंगठा पण होता ना. तुमचा व्हिसा अर्बाबच्या नावावर. मी म्हटलं, एक जण जातोय तेवढं बस झालं."

मी म्हणालो, तू हात लावला नव्हतास.

"नाय लावला. तुम्हीच सांगितलेलंत, रेघ बरोबर असेल तर हात लावायचा नाय."

यापुढे पत्रे लिहिण्यात अर्थ नव्हता. चौघांना जाब विचारायचा आणि पाचवा स्वतःच्या खिशात ठेवायचा, हा न्याय नव्हे. सबब पुढील मजकूर जाहीर निवेदन समजावा, आणि त्याची इंग्रजी व अरबी प्रत मी क्लबकडे रवाना केली आहे. बुधवारी सकाळी याकूब परकार यांनी दोष ओळखला, तो मला लेखी कळवला, आणि काम चालू करण्यापूर्वी परवानगी मागितली. मी फोटो नीट न पाहता परवानगी दिली. अंगठ्याची चाचणी बंद करणारा नियम माझा होता. याकूब यांच्याकडून कोणताही निष्काळजीपणा झालेला नाही. हे निवेदन घेऊन मी उस्ताद नासिर यांच्याकडेही गेलो. त्यांनी ते दोनदा वाचले, डाव्या हाताने तळाशी साक्षीदार म्हणून सही केली आणि विचारले, "बाकीच्या सह्या कुठे आहेत?"

त्या सह्यांसाठीच हा लेख आहे.

समितीच्या सदस्यांनो, तुमच्याकडे एक डबी आहे. पट्टीवर याकूबची सही आहे, आत पाच काडतुसे आहेत. परवानाधारकासमोर आणि उस्ताद नासिर यांच्यासमोर ती उघडा, दारू तोला, गोळीवर अंगठा दाबा आणि लांबी मोजा. जे निघेल ते दाखल्यावर लिहा. माझे म्हणणे खोटे ठरले तर माझे नाव खोटारडा म्हणून याच अंकात छापा. मी हरकत घेणार नाही.

आणि सबनीस, तुम्ही. कार्यक्रमात हा अंक तुमच्या हाती येईल, तुम्ही हे पान उघडाल, आणि आजूबाजूचे लोकही तेच पान उघडून बसलेले असतील. मी माझा भाग वर लिहून दिला आहे. मंगळवारी दुपारी, याकूब नमाजाला गेला असताना, त्या खोलीत डाय कोणी फिरवली? उत्तर मला खासगीत नको, सुपरमार्केटात नको. जागेवर उभे राहा आणि मराठीत सांगा. याकूबला ती भाषा समजते.